दरी दाखवणारं विमान: ग्रँड कॅन्यनच्या आकाशातले नियम कुठून आले?

या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू येत नाही, किंवा ऐकून झाल्यावर एखादा आकडा पुन्हा बघायचा असतो, त्यांच्यासाठी. बोलण्यातली 'म्हणजे', 'ना', 'बघा' बरीच गाळली आहेत, पण सगळी नाही.

चला, सुरू करू.

३० जून १९५६. शनिवार. लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून सकाळी नऊच्या सुमाराला दोन प्रवासी विमानं तीन मिनिटांच्या अंतराने उडाली. एक टीडब्ल्यूए कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन, निघालं होतं कॅन्सस सिटीला. दुसरं युनायटेड कंपनीचं डीसी-७, शिकागोला. दोन्ही विमानांत मिळून १२८ माणसं. साधारण दीड तासाने, अ‍ॅरिझोनामधल्या ग्रँड कॅन्यनवर, २१,००० फुटांच्या आसपास ही दोन विमानं एकमेकांवर आदळली. कोणीही वाचलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं मोठं आकाश आणि त्यात दोनच विमानं आदळतात कशी? तर तेव्हा अमेरिकेच्या बऱ्याचशा आकाशावर जमिनीवरून कोणाचं लक्षच नसायचं. रडार होतं ते मोठ्या विमानतळांच्या आसपास. बाकी ठिकाणी नियम एकच होता: तुम्ही दुसऱ्याला बघा, दुसरा तुम्हाला बघेल, आणि दोघं आपापलं सांभाळा. आपल्याकडे घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न देत गाडी काढतात ना, तसंच. फक्त आकाशात हॉर्न नसतो.

या अपघाताची चौकशी झाली. मी तो अहवाल वाचला तेव्हा एका ओळीपाशी थांबले. चौकशी मंडळाने सांगितलं की पायलटांना एकमेकांची विमानं वेळेत दिसली नाहीत. पण का दिसली नाहीत, हे पुराव्यावरून ठरवता येत नाही. मग त्यांनी शक्यतांची यादी दिली. मधे ढग आले असतील. कॉकपिटच्या खिडक्यांतून दिसतं त्याला मर्यादा असते. पायलट इतर कामात गुंतले असतील. आणि याच यादीत आणखी एक शक्यता होती: प्रवाशांना ग्रँड कॅन्यन जास्त चांगली दिसावी म्हणून केलेला प्रयत्न.

लक्षात घ्या, ही सहलीची विमानं नव्हती. साधी प्रवासी विमानं होती. पण वाटेत जगप्रसिद्ध दरी आहे, तर जरा वळून ती प्रवाशांना दाखवावी, अशी त्या काळी पद्धतच होती. तसं त्या दिवशी खरोखर झालं का, हे सिद्ध झालं नाही. पण ही शक्यता सरकारी अहवालात लिहिली गेली, आणि आजच्या भागाचा विषय नेमका तोच आहे. खिडकीतून काहीतरी सुंदर दाखवायचं म्हणून विमान उडवलं, की पायलटच्या डोक्यावर एक जास्तीचं काम येतं. आणि त्या जास्तीच्या कामाची किंमत समजायला माणसांना पन्नास-साठ वर्षं लागली.

हा विषय आत्ता का घेतला? कारण सुट्ट्या जवळ आल्यात. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं कोणी ना कोणी अमेरिकेत असतं. आई-बाबा तिकडे जातात, मग लास व्हेगास आणि ग्रँड कॅन्यन ठरलेलंच. माझ्या आतेभावाने गेल्या महिन्यात मला दोन जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवले. एक हेलिकॉप्टरची, एक छोट्या विमानाची. खाली प्रश्न, "ताई, यातलं कुठलं घेऊ?" मी म्हटलं, थांब जरा, आधी तुला या आकाशाची गोष्ट सांगते.

तर गोष्ट अशी. ग्रँड कॅन्यन ही कोलोरॅडो नदीने कोरलेली दरी. लांबी सुमारे ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर, आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त. म्हणजे आपलं कळसूबाई, १,६४६ मीटरचं, समुद्रसपाटीपासून उचलून या दरीच्या सगळ्यात खोल भागात ठेवलं, तर शिखर काठाच्या वर दिसणार नाही. काठावर उभं राहिलं की दरीचा एक तुकडा दिसतो. खाली उतरायचं तर पायी किंवा खेचरावरून, आणि त्यात अख्खा दिवस जातो. मग हे सगळं एका नजरेत बघायचा मार्ग कुठला? वरून.

१९१९ मध्ये ही जागा राष्ट्रीय उद्यान झाली. आणि १९२७ मध्ये, म्हणजे विमानात बसणं हीच अजून नवलाई होती तेव्हा, 'सीनिक एअरवेज' नावाची कंपनी निघाली. नावातच धंदा सांगितला होता: दृश्य दाखवणारी विमान कंपनी. पुढे त्यांच्याकडे फोर्ड ट्रायमोटर आलं. तीन इंजिनांचं, पन्हाळी पत्र्यासारख्या अंगाचं विमान. त्याचे पंख खिडक्यांच्या वर होते, त्यामुळे खाली बघताना पंख आडवा येत नसे. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पुन्हा १९५६ कडे. त्या टकरीने अमेरिका हादरली. एका प्रवासी विमान अपघातात शंभरहून जास्त माणसं जाण्याची ती पहिली वेळ. लोकांनी विचारलं, आमच्या आकाशाचा मालक कोण? दोन वर्षांत, १९५८ मध्ये, नवा कायदा झाला आणि आज जिला आपण एफएए म्हणतो ती यंत्रणा उभी राहिली. मोठ्या विमानांच्या वाटा जमिनीवरून आखून दिल्या जाऊ लागल्या, रडारचं जाळं वाढलं. त्या अपघाताच्या जागेला २०१४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

पण एक गंमत बघा, कडू गंमत. सुधारणा झाली ती वरच्या आकाशात, मोठ्या विमानांसाठी. खाली, दरीच्या काठाजवळ फिरणारी छोटी सहलीची विमानं आणि हेलिकॉप्टरं मात्र जुन्याच नियमावर राहिली. तुम्ही बघा, दुसरा बघेल.

आणि सहलीच्या उड्डाणांत हा नियम आणखी लंगडा पडतो. का? सुंदर जागा ठरलेल्या असतात. प्रत्येक कंपनी ग्राहकाला तोच धबधबा, तोच सुळका, नदीचं तेच वळण दाखवणार. म्हणजे आकाश कितीही मोठं असलं तरी सगळे त्याच चार जागांवर जमतात. गणपतीत अख्खी मुंबई रिकामी असली तरी लालबागला पाय ठेवायला जागा नसते, तसं. त्यात उजेडाच्या चांगल्या वेळाही ठरलेल्या. आणि पायलट त्याच वेळी बोलत असतो, "उजवीकडे बघा." सगळे उजवीकडे बघतात.

१८ जून १९८६. सकाळची वेळ. वीस माणसांना घेऊन निघालेलं एक ट्विन ऑटर विमान आणि पाच जणांचं एक हेलिकॉप्टर, दोन्ही सहलीचीच, दरीवर एकमेकांवर आदळली. २५ मृत्यू. चौकशीत दिसलं की क्रिस्टल रॅपिड्स नावाच्या जागेजवळ विमानांची वाट आणि हेलिकॉप्टरांची वाट एकमेकींना छेदत होती. आणि या वाटांवर देखरेख ठेवण्यात सरकारी यंत्रणा कमी पडली, असंही चौकशी मंडळाने स्पष्ट म्हटलं.

तीस वर्षं मधे गेली होती. दरी तीच, टकरीचा प्रकार तोच.

या वेळी मात्र कायदा थेट दरीसाठी झाला. १९८७ मध्ये अमेरिकी संसदेने राष्ट्रीय उद्यानांवरच्या उड्डाणांचा कायदा केला आणि १९८८ मध्ये ग्रँड कॅन्यनसाठी वेगळे नियम आले. त्यातले तीन समजून घ्या, कारण आज तुम्ही तिकीट काढता ते याच चौकटीत.

एक, दरीवरच्या आकाशाचा मोठा भाग सहलीच्या उड्डाणांना बंद केला. उरलेल्या भागात ठरावीक पट्टे आखले, त्यातूनच जायचं. दोन, विमानांची उंची वेगळी, हेलिकॉप्टरांची उंची वेगळी, म्हणजे वाटा एकमेकींना छेदल्या तरी मजले वेगळे. आणि तीन, उद्यानाच्या हद्दीत सहलीच्या विमानाने दरीच्या काठाखाली उतरायचं नाही.

या कायद्याचा दुसरा हेतू होता शांतता. पायी दरीत उतरणाऱ्या माणसाला दिवसभर डोक्यावर पात्यांची फडफड ऐकायची नसते. म्हणजे वरून बघणाऱ्याचा आनंद आणि खालून ऐकणाऱ्याचा आनंद, दोन्ही कायद्याने एका तराजूत घातले. मला हे फार आवडलं. आपण तिकीट काढतो तेव्हा खाली कोणीतरी आहे, हे आपल्या डोक्यातही नसतं.

आता आतेभावाच्या स्क्रीनशॉटकडे या. त्यातल्या हेलिकॉप्टरच्या जाहिरातीत लिहिलं होतं, दरीच्या तळाशी उतरा, नदीकाठी फोटो काढा. त्याने विचारलं, "तू तर म्हणतेस काठाखाली जायची बंदी आहे?" बरोबर विचारलं. बंदी आहे ती राष्ट्रीय उद्यानात. पण दरीचा पश्चिमेकडचा काही भाग हुआलापाई या आदिवासी राष्ट्राच्या मालकीचा आहे. तिथे त्यांच्या परवानगीने हेलिकॉप्टरं तळाशी उतरतात. काचेचा तो प्रसिद्ध स्कायवॉक, २००७ मध्ये उघडलेला, तोही त्यांच्याच जमिनीवर. लास व्हेगासहून निघणाऱ्या बहुतेक 'तळाशी उतरा' सहली इथल्या असतात. आणि पोस्टरवर दिसते ती विशाल, थरांथरांची दरी बघायची असेल, तर दक्षिण काठाजवळच्या विमानतळावरून निघणारी सहल. म्हणजे 'ग्रँड कॅन्यन हेलिकॉप्टर टूर' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जागा, दोन वेगळे नियम. पहिला प्रश्न हा विचारायचा: उड्डाण नक्की कुठल्या भागावर?

पश्चिमेच्या या भागातच १० फेब्रुवारी २०१८ ला एक सहलीचं हेलिकॉप्टर उतरताना कोसळलं. पायलट धरून सात जण होते. आपटल्यावर आग लागली. पाच जणांचा जीव गेला, त्यातल्या दोघांचा नंतर रुग्णालयात. आणि इथे पुन्हा एक जुनी फट सापडली. आपटल्यावर इंधनाची टाकी फुटू नये, अशी टाकी हेलिकॉप्टरला हवी, हा नियम अमेरिकेत १९९४ पासून होता. पण फक्त नव्याने मंजूर होणाऱ्या आराखड्यांना. आराखडा जुना असेल, तर कारखान्यातून काल बाहेर पडलेलं कोरं हेलिकॉप्टरही जुन्या टाकीसह विकता येत होतं. २०१८ च्याच कायद्याने ही फट बुजवली. एप्रिल २०२० नंतर बनणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरला तशी टाकी बंधनकारक झाली. पण त्याआधी बनलेली हेलिकॉप्टरं अजून उडतात. म्हणून दुसरा प्रश्न: तुमच्या हेलिकॉप्टरला आपटल्यावर न फुटणारी टाकी बसवली आहे का? ज्या कंपनीने खर्च करून ती बसवली असेल, ती हे अभिमानाने सांगेल.

आता थोडं दरीच्या बाहेर जाऊ, न्यूयॉर्कला. कारण ही पुढची गोष्ट आपल्या हातातल्या फोनची आहे. त्याच वर्षी, ११ मार्च २०१८ ला, न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये एक हेलिकॉप्टर उतरवावं लागलं. दारं काढलेलं हेलिकॉप्टर. प्रवासी पाय बाहेर सोडून बसणार, खाली शहर, आणि बुटांसकट फोटो. तसले फोटो तुमच्या फीडवर आले असतील. प्रवासी पडू नयेत म्हणून त्यांना पट्ट्यांनी हेलिकॉप्टरला मागून बांधलं होतं. उड्डाणात एका प्रवाशाच्या पट्ट्याचं टोक जमिनीवरच्या इंधन बंद करायच्या दांड्यात अडकलं आणि इंजिन बंद पडलं. हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं आणि काही सेकंदांत उलटलं. पायलट सुटून बाहेर आला. पाचही प्रवासी त्या पट्ट्यांतून सुटू शकले नाहीत. बुडाले.

चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. सहलीच्या उड्डाणांना जे कडक नियम असतात, ते या उड्डाणाला लावलेच नव्हते. कागदोपत्री ही 'सहल' नव्हती, 'हवाई छायाचित्रण' होतं. आणि छायाचित्रणाला नियमातून सूट होती. म्हणजे तुमच्या हातात कॅमेरा आहे, याच कारणाने तुमच्या जिवावरचं संरक्षण कमी झालं. तिसरा प्रश्न म्हणून हा: हे उड्डाण प्रवासी वाहतुकीच्या परवान्याखाली आहे ना? आणि आणीबाणीत पट्टा एका हाताने, एका झटक्यात सुटतो का? नसेल सुटत, तर फोटो राहू दे.

शेवटची गोष्ट हवेची. २६ डिसेंबर २०१९, नाताळचा दुसरा दिवस, हवाईमधलं कवाई बेट. सहलीचं हेलिकॉप्टर ढगाळ हवेत डोंगरावर आदळलं, सातही जण गेले. चौकशीचा निष्कर्ष असा की हवा बिघडत असताना पायलटने पुढे जायचं ठरवलं. ही सहलीची उड्डाणं डोळ्यांनी बघत केली जातात. ढगात शिरलं की डोळे संपले, आणि समोर डोंगर आहे की नाही हे कळत नाही.

पायलट पुढे का जातो? तो बेफिकीर असतो असं नाही. मागे सहा माणसं बसलेली असतात, त्यांची सुट्टी उद्या संपते, पैसे भरलेत, पोरं खिडकीला नाक लावून आहेत. परत फिरलं तर सगळे हिरमुसणार. हा दबाव कोणी बोलून दाखवत नाही, पण तो कॉकपिटमध्ये असतो. आणि तो आपण तयार केलेला असतो. म्हणून चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: हवेमुळे उड्डाण रद्द झालं किंवा अर्ध्यातून परतलं, तर पैसे परत मिळतात का? हा प्रश्न वरवर पैशांचा आहे, पण खरा सुरक्षेचा आहे. जिथे 'नाही' म्हणणं कंपनीला परवडतं, तिथे पायलटला 'नाही' म्हणता येतं. आणि आपल्यालाही ते परवडायला हवं. सहलीच्या शेवटच्या दिवशी उड्डाण ठेवू नका. मधला दिवस ठेवा, म्हणजे आज नाही झालं तर उद्या.

मग विमान की हेलिकॉप्टर? पंख वर असलेलं विमान घेतलं तर १९२७ सारखंच खाली मोकळं दिसतं, जास्त लांबचा पट्टा बघून होतो, आणि सहसा स्वस्त पडतं. हेलिकॉप्टरमध्ये पुढची काच मोठी, वेग कमी, आणि पश्चिमेकडे तळाशी उतरता येतं. दोन्हीकडे तुमचं वजन करतील आणि कोण कुठे बसणार ते वजनावरून ठरवतील. लाजून दोन-चार किलो कमी सांगू नका, त्या आकड्यावर तोल बघतात. आणि शक्यतो सकाळची वेळ घ्या. वाळवंट तापलं की हवा वर उसळते आणि विमान चांगलंच हलतं. शिवाय दक्षिण काठाजवळचा विमानतळच ६,६०० फुटांवर आहे. तापलेली आणि उंचावरची हवा विरळ असते. तिच्यात पंखांना आणि पात्यांना पकड कमी मिळते.

ही शेवटची ओळ ऐकून काही जणांना केदारनाथ आठवलं असेल. मलाही. तिथे आपण दृश्य बघायला नाही, दर्शनाला जातो. गौरीकुंडापासूनची सोळा किलोमीटरची चढण ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी ती हेलिकॉप्टरं म्हणजे मोठा आधार. पण हवा तीच विरळ, साडेअकरा हजार फुटांच्याही वरची, दरी अरुंद, ढग मिनिटांत भरून येतात, आणि रांगेत उभ्या माणसांची घाईही तीच. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे सात जण गेले. १५ जून २०२५ च्या पहाटे पुन्हा सात. त्यात आपल्या महाराष्ट्रातलं एक कुटुंब होतं, लहान लेकरासकट. त्यानंतर दोन दिवस सेवा बंद ठेवली गेली.

म्हणून सांगते, हे चार प्रश्न फक्त अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी नाहीत. पर्यटन महोत्सवात पाच मिनिटांची जॉयराइड असो किंवा केदारनाथची फेरी, ते विचारता येतात. ज्या नियमांना आपण कटकट म्हणतो, वजन करा, इथेच बसा, आज हवा नाही, उद्या या, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे एक तारीख आहे आणि त्या तारखेला घरी न परतलेली माणसं आहेत. १९५६ नंतर दोन वर्षांत कायदा आला, १९८६ नंतर एका वर्षात. पण दरवेळी आधी माणसं गेली, मग नियम आला.

आतेभावाने सकाळचं विमान ठरवलंय, सहलीच्या मधल्या दिवशी. मी म्हटलं, खिडकीत बस, भरपूर बघ, आणि पायलट म्हणाला की आज नको, तर त्याला थँक यू म्हण.

तुमच्या घरी कोणी असं तिकीट काढत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. काढून झाल्यावर नाही, काढायच्या आधी. भेटू पुढच्या भागात.